कोळशाची साल

हे घाईने वाचायचं नाही. दिवसभराची कामं उरकली की बसा. जवळ एक काडेपेटी असू द्या, पाण्याचा तांब्या असू द्या. 'पाणी लागत नाही, वाळवी लागत नाही' म्हणून घेतलेली एखादी फळी घरात असेल, न्हाणीघराच्या दाराची किंवा ओट्याखालच्या कपाटाची, तर तिच्यासमोरच बसा. नसेल तर मनाने नाशकातल्या सातपूरला चला. त्र्यंबक रोडवरून औद्योगिक वसाहतीत वळा आणि लाकडाचा भुसा व प्लास्टिकचा दाणा एकत्र वितळवून फळी काढणारं एखादं यंत्र डोळ्यांसमोर आणा. आजचा विषय ती फळी आहे. ती जळेल का, कशी जळेल, आणि तिचं जळणं थोडं लांबवायला कोंडा, केळ, हिरडा यांच्यापैकी कोण काय करू शकतं, एवढंच.

फळीच्या वरच्या अंगाकडे पाहू नका. त्यावर लाकडाच्या रेषांचं चित्र छापलेलं असतं. कापलेली कड पाहा. करड्या गाभ्यात फिकट तपकिरी कुसळं दिसतात. बोट फिरवलं तर लाकडाचा पोत लागत नाही आणि प्लास्टिकचा गुळगुळीतपणाही लागत नाही. कुसळं लाकडाची, त्यांना धरून ठेवणारा करडा भाग प्लास्टिकचा. प्रमाण ढोबळमानाने निम्मं-निम्मं.

एका कुसळावर जरा थांबा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत यंत्रांचे भाग लाकडी पॅलेटवर बसून येतात. परदेशातून आलेल्या पॅलेटच्या ठोकळ्यावर गव्हाच्या कणसाचं चिन्ह आणि 'एचटी' ही अक्षरं डागलेली असतात. याचा अर्थ लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटं तापवला आहे, आत कीड उरलेली नाही. कुठल्या तरी थंड मुलुखातला पाइन, तिथून जहाजाने, मग ट्रकने इथवर. माल उतरला की त्याचं काम संपतं. खिळे उपटले जातात, चांगल्या पट्ट्या पुन्हा विकल्या जातात, मोडकं लाकूड बंबात जातं, आणि काहीचा भुसा होतो. आपल्या फळीतलं कुसळ एकदा तापून आलेलं आहे. त्याला आता दुसऱ्यांदा तापायचं आहे.

आता करड्या भागाकडे या. सातपूर आणि अंबडला जोडणाऱ्या लिंक रोडवरचा भंगार बाजार नाशिककरांना ठाऊक आहे. महापालिकेने तो जानेवारी २०१७ मध्ये मोठा बंदोबस्त लावून हटवला, तो पुन्हा उभा राहिला, फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा हटवला. तो पुन्हा पुन्हा उगवतो याचं कारण साधं आहे: शहर रोज टाकतं आणि कोणाला तरी ते उचलावं लागतं. द्राक्षबागेतून निघालेली ठिबकची नळी, दुधाच्या पिशव्या, तेलाचे कॅन, बादल्या असं सगळं वेगळं करून, धुऊन, दळून, वितळवून त्याचा दाणा होतो. रंग एकमेकांत मिसळून तो करडा किंवा काळा पडतो. या दाण्यात कोणकोणत्या घरातलं काय आलं, हे कोणी सांगू शकत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दाणा आणि भुसा एक्सट्रूडरमध्ये, म्हणजे फळी काढणाऱ्या त्या यंत्रात, एकत्र येतात तेव्हा तिथलं तापमान २०० अंशांच्या खाली ठेवावं लागतं. वर गेलं की लाकूड करपतं, वास सुटतो, फळीत फुगे धरतात. म्हणून पॉलिथिलिन, पॉलिप्रोपिलिन, पीव्हीसी अशी लवकर मऊ होणारी प्लास्टिकंच या कामाला चालतात.

आता काडी ओढा.

ज्योत पाहा. नीट पाहिलंत तर ज्योत लाकडाला चिकटलेली नाही, मधे थोडी मोकळी जागा आहे. जळतोय तो लाकडातून निघालेला वायू. लाकूड तापतं, फुटतं, वायू सोडतं, वायू पेटतो, त्याची आच पुढच्या लाकडाला लागते. हे चक्र चालू राहतं तोवर आग असते. आता फुंकर मारा. काडी काळी पडली आहे, पण अखंड आहे. टोकाला निखारा राहिलेला नाही. उदबत्ती विझवली तर तिचं टोक लाल राहतं आणि आत आत सरकत जातं. काडीचं तसं का होत नाही? चांगल्या काडेपेटीतली काडी अमोनियम फॉस्फेटच्या पाण्यातून काढलेली असते, म्हणून. विझलेल्या काडीने अंथरूण पेटू नये, यासाठी. म्हणजे आपण ज्याला फायर रिटार्डंट म्हणतो, ज्वालारोधक, ते देवघरातल्या काडेपेटीत आधीपासून आहे. हे मीठ जुनं आहे. पॅरिसमध्ये गे-ल्युसॅक यांनी १८२१ मध्ये नाटकगृहांचे पडदे पेटू नयेत म्हणून ज्या क्षारांचा अभ्यास केला, त्यात अमोनियम फॉस्फेट आणि टाकणखार होते.

काळी काडी चिमटीत धरून ठेवा. तो काळा थर हाच आजचा आपला धडा आहे. लाकूड जळताना स्वतःभोवती कोळशाची साल तयार करतं. ती उष्णता सहज आत जाऊ देत नाही आणि आतला वायू सहज बाहेर येऊ देत नाही. पूर्वी रात्री चुलीतला विस्तव राखेने झाकून ठेवत आणि तो सकाळपर्यंत जेमतेम धुगधुगत राही, तसा हा थर आगीचा जोर मारतो. इमारतीच्या नरम लाकडासाठी अभियंते हिशेब धरतात तो मिनिटाला सुमारे ०.६५ मिलिमीटरचा: एवढा कोळसा दर मिनिटाला आत सरकतो, तासाभरात चार सेंटिमीटरच्या आत. म्हणून जुन्या वाड्याची जाड तुळई आगीत बाहेरून काळी ठिक्कर पडते, पण आत लाकूड शाबूत असतं आणि छत काही काळ तोलून धरतं. त्याच आगीत लोखंडी गर्डर तापून वाकतो. लाकूड जळतं आणि तरी धरून ठेवतं.

प्लास्टिकला ही साल नाही. पॉलिथिलिन तापलं की वितळतं, ओघळतं, आणि ओघळ जिथे पडेल तिथे आग नेतं. एक किलो पॉलिथिलिनमधून जवळजवळ एक किलो डिझेलइतकी उष्णता निघते, एक किलो लाकडापेक्षा दुपटीहून जास्त. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो, पॉलिथिलिनला जळत राहायला साडेसतरा-अठरा टक्के पुरतो. मागे राहतं ते जवळपास काहीच नाही. नाशिककरांना हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. घोटीजवळच्या मुंढेगावात प्लास्टिक फिल्मच्या कारखान्याला १ जानेवारी २०२३ रोजी आग लागली, कामगारांचे जीव गेले. मे २०२५ मध्ये त्याच ठिकाणी पुन्हा आग लागली आणि ती विझवायला कित्येक दिवस झुंजावं लागलं. इथे थोडं थांबा. पुढे वाचायची घाई नको.

आपल्या फळीत हे दोघं शेजारी आहेत: साल धरणारं लाकूड आणि साल नसलेलं प्लास्टिक. आग लागली तर लाकूड प्लास्टिकला झाकेल की प्लास्टिक लाकडाला ओढून नेईल? काही न मिसळता सोडलं तर दुसरं घडतं. भुशामुळे ओघळणं कमी होतं खरं, पण फळी जळत राहते.

दुकानात वेगळंच दिसतं. विक्रेता खिशातून लायटर काढतो, फळीच्या कोपऱ्याला ज्योत लावतो, बाजूला घेतो. फळी विझते. 'बघा, आगच लागत नाही!' खोटं काही नाही यात. बाजारात डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिकचं मिश्रण) म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ फळ्या पीव्हीसीच्या असतात आणि पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो. तो ज्योतीत शिरून तिची साखळी तोडतो. पण खोलीतलं बाकी सामान पेटलं आणि फळी त्या आगीत सापडली, की तिच्यातून हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो. नाकातोंडातल्या ओलाव्यात विरघळला की त्याचं आम्ल होतं. आगीत माणसं भाजून मरतात त्यापेक्षा धुराने जास्त मरतात. लायटर हे सांगत नाही.

क्लोरीनचा थोरला भाऊ ब्रोमिन. टीव्हीच्या पेट्या, संगणक, गाद्या यांत ब्रोमिनची ज्वालारोधकं कित्येक दशकं घातली गेली. ती आग अडवत, हे खरं. पण ती वस्तूतून निसटून धुळीत, धुळीतून अंगात जातात आणि लवकर मोडत नाहीत. अमेरिकेत १९७७ मध्ये आर्लिन ब्लम आणि ब्रूस एम्स यांनी दाखवून दिलं की मुलांच्या रात्रीच्या कपड्यांतलं अशाच जातीचं एक रसायन पेशींतल्या जनुकांना इजा करतं. त्याच वर्षी त्यावर बंदी आली. (या ब्लमबाई पुढच्याच वर्षी महिलांची मोहीम घेऊन अन्नपूर्णेवर गेल्या. माणसं एका जन्मात किती करतात!) टीव्हीच्या पेट्यांत घातलं जाणारं डेकाबीडीई २०१७ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. पण पेट्या आधीच घराघरांत गेल्या होत्या. त्या भंगारात आल्या, दळल्या गेल्या, दाणा झाल्या. युरोपातल्या तपासण्यांत पुनर्वापराच्या काळ्या प्लास्टिकच्या खेळण्यांत हे जुनं ब्रोमिन सापडलेलं आहे. दाण्यात काय आलं कोणी सांगू शकत नाही, हे मघाशी म्हटलं ते यासाठी. आपण आज फळीत जे मिसळू, ते उद्या कोणाच्या तरी दाण्यात असेल. ज्वालारोधक निवडताना हा विचार सर्वांत आधी यायला हवा आणि तो सर्वांत शेवटी येतो.

आता स्वयंपाकघरात या. मटकी भिजत घातलेली आठवा.

कडधान्य आणि तृणधान्याच्या दाण्यात वनस्पती फॉस्फरसची शिदोरी बांधून ठेवते. तिचं नाव फायटिक आम्ल. आहारतज्ज्ञ त्यावर नाराज असतात, कारण ते लोह आणि जस्त घट्ट धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. मटकीला मोड आले की बी ही शिदोरी सोडतं आणि फॉस्फरस कोंबाला मिळतो. या आम्लाच्या वजनात सुमारे २८ टक्के फॉस्फरस असतो, आणि तांदळाच्या दाण्यात ते जास्त करून बाहेरच्या थरात असतं. म्हणजे भात सडताना ते कोंड्यात जातं. घोटी भाताच्या गिरण्यांचं गाव आहे. मुंढेगावची आग आणि घोटीचा कोंडा एकाच महामार्गावर, हाकेच्या अंतरावर. याला मी काही अर्थ चिकटवत नाही, पण मनात येतं.

फळीत हे आम्ल काय करतं, ते हळू पाहू. फळी तापते. फायटिक आम्ल फुटून फॉस्फरसची आम्लं तयार होतात. ती शेजारच्या लाकडाला भिडतात आणि त्याच्यातलं पाणी काढून घेतात. पाणी वाफ होऊन निघून जातं, कार्बन मागे राहतो. पेटणारा वायू कमी निघतो, कोळसा जास्त उरतो. लाकूड एरवीही काळं पडणारच होतं. ते लवकर आणि दाट काळं पडतं, एवढाच फरक. ब्रोमिन ज्योतीत काम करतं, हे फळीच्या अंगातच काम करतं. जोडीला नत्र असलेलं काही घातलं, युरिया, एखादं अमिनो आम्ल किंवा कोळंबीच्या टरफलापासूनचं कायटोसॅन, तर सुटणाऱ्या वायूने ही साल फुगते आणि अधिक चांगलं झाकते. पॉलिथिलिनमध्ये असं पाणी काढून घेण्यासारखं काही नाही, त्याला स्वतःची साल धरता येत नाही. त्याला आडोसा मिळणार तो शेजारच्या कुसळाचाच. भुसा स्वस्ताई म्हणून घातला होता. इथे तो उपयोगी पडतो. मला या विषयातलं सर्वांत आवडलेलं हेच आहे.

आपल्याकडचा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. मुंबईत माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे, सिरकॉट, १९२४ पासूनची. तिथल्या संशोधकांनी साधारण दहा वर्षांपूर्वी केळीच्या खांबाचा रस सुती कापडावर वापरून पाहिला. घड उतरला की केळीचा खांब कापून टाकायचाच असतो. जळगाव जिल्ह्यात, रावेर-यावलकडे त्याचे ढीग पडतात. कापडाला आधी टॅनिक आम्ल आणि तुरटी दिली, मग अल्कधर्मी केलेला रस. साध्या सुती कापडाला जळत राहायला सुमारे १८ टक्के प्राणवायू लागतो, या कापडाला ३० टक्के लागला, म्हणजे आपल्या हवेत आहे त्याहून जास्त. उभं धरून पेटवलं तर ज्योत काही सेकंदांत विझली. आडवं ठेवलं तर ज्योत धरलीच नाही, नुसती धग मिनिटाला साडेसात मिलिमीटर वेगाने सरकत राहिली, साध्या कापडाच्या जवळपास दहापट कमी वेगाने. कापडाला खाकी रंग मात्र आला. रसातले फॉस्फेट, क्लोराइड आणि इतर खनिजं हे काम करतात. केळीच्या डागाने वैतागलेल्या प्रत्येक आईने हे ऐकायला हवं.

हे कापड होतं, फळी नव्हे. पण कापूसही सेल्युलोज आणि पाइनच्या कुसळातही मुख्यतः तेच. आणि टॅनिन? ते तर अकोले, जुन्नर, आंबेगावच्या डोंगरात झाडावर लागतं. हिरड्याच्या फळात तीसेक टक्क्यांपर्यंत टॅनिन असतं, आणि त्याची जडणघडण अशी की तापल्यावर तेही कोळसा धरतं. आदिवासी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या बाळहिरडा वेचतात. त्याला कातडी कमावण्याखेरीज आणि औषधाखेरीज आणखी एक गिऱ्हाईक मिळालं, तर वाईट काय?

इथवर सगळं गोड झालं. आता जरा कडू.

फायटिक आम्ल हे आम्ल आहे. एक्सट्रूडरमध्ये १८० अंशांवर ते आगीची वाट पाहत बसत नाही, तिथेच लाकडाला खायला लागतं; भुसा काळा पडतो, फळी ठिसूळ होते. म्हणून त्याचा क्षार करून घ्यावा लागतो, धातूबरोबर किंवा नत्राच्या जोडीदाराबरोबर, म्हणजे ते २०० अंशांपर्यंत गप्प राहील आणि पुढे जागं होईल. हे जमवणं हीच खरी कारागिरी. दुसरं, पाणी. आम्ल विरघळतं, केळीच्या रसातली मिठं विरघळतात, आणि सातपूरला पावसाळा चार महिने असतो. गच्चीवर बसवलेल्या फळीतून दोन पावसाळ्यांत किती वाहून जाईल? तिसरं, प्रमाण. चिमूटभराने भागत नाही. फॉस्फरसची असली मिश्रणं फळीच्या वजनाच्या पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत घालावी लागतात, आणि तेवढ्याने स्क्रू धरून ठेवायची ताकद घटते, किंमत वाढते.

आणखी एक गोष्ट, जी 'वनस्पतिजन्य' या पाटीखाली झाकली जाते. कोंड्यातला फॉस्फरस भाताला कुठून मिळाला? जमिनीतून, आणि जमिनीत बराचसा डीएपीच्या गोणीतून. ते खत ज्या खडकापासून होतं, तो भारत मोठ्या प्रमाणावर आयात करतो. म्हणजे फळीतल्या त्या दाण्याएवढ्या फॉस्फरसनेही पाइनच्या कुसळासारखाच जहाजाचा प्रवास केलेला आहे. वनस्पतीने तो तयार केला नाही, गोळा करून बांधून ठेवला. ही कामगिरी लहान नाही. पण निसर्गाचं म्हणून निर्दोष, असं समजून डोळे मिटायचं कारणही नाही. झाडापासून आलेल्या पदार्थाचाही धूर तपासावाच लागतो.

आता डोळे मिटायला हरकत नाही.

सातपूरच्या श्रमिकनगरमधली एक खोली कल्पनेत आणा. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपला आहे. पलीकडच्या पोरांच्या खोलीत बोर्डातून ठिणगी उडाली आणि कपाटाच्या फळीने पेट घेतला. साध्या फळीची ज्योत वर चढते, थेंब खाली गादीवर पडतात, छताखाली धूर उतरू लागतो. दुसऱ्या, ज्वालारोधक घातलेल्या फळीची कड काळी पडते, फुगते, ज्योत अडखळते. प्लास्टिकची कडक उभी चाचणी काय मागते? दहा सेकंद ज्योत लावायची, काढायची, पुन्हा दहा सेकंद लावायची. दर वेळी तुकडा दहा सेकंदांत विझला पाहिजे आणि पेटता थेंब पडता कामा नये. सेकंदांचाच हिशेब. त्या माणसाला खोकला येऊन जाग यायची आहे, पोराला उचलायचं आहे, कडी काढायची आहे, जिना उतरायचा आहे. मनात हे सगळं करून पाहा, खरोखर लागेल तेवढा वेळ घेऊन. कडी काढायला लागणारा वेळसुद्धा धरा. कोणतंही ज्वालारोधक घर वाचवायची हमी देत नाही. ते हा वेळ देतं, आणि तो देताना धुरात विष घालत असेल तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतं.

डोळे उघडा. विझलेली काडी तांब्यातल्या पाण्यात बुडवून टाका.

पुढच्या वेळी फळी घ्यायला जाल तेव्हा लायटरचा खेळ पाहून पैसे काढू नका. ती पीव्हीसीची आहे की पॉलिथिलिनची, ते विचारा. ज्योतीच्या चाचणीचा कागद मागा, आणि धुराची चाचणी झाली आहे का तेही विचारा. बहुतेकदा उत्तर येणार नाही, पण दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्यासाठी कागद तयार असतो. आणि ज्यांच्या गाळ्यात दाणा आणि भुसा एकत्र येतो त्या सातपूरच्या उद्योजकांना एक विनंती आहे: कोंडा, केळ, हिरड्याचे प्रयोग जरूर करा, पण फळी आधी महिनाभर पाण्यात भिजवा, वाळवा आणि मग पेटवून पाहा. तो आकडा चांगला आला तरच पाटीवर 'वनस्पतिजन्य' लिहा.